पाणी धरून ठेव

मंगळवार, ७ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एझ्रा रडला म्हणून नाही, तो गुपचूप झोपला होता. त्या गाण्यापायी.

काल दुकानात दूध घेत होते, वर रेडिओ चालू. एक बाई गात होती. गाण्यातल्या बाईच्या गाडीला एकच दिवा, शेजारी तान्हं बाळ, फरशी पुलावरनं पाणी चाललंय. आणि ती म्हणते — देवा, मी पार होईस्तोवर पाणी धरून ठेव.

हे माझं आहे! शब्द न् शब्द. ऑक्टोबरात नवऱ्याला, रँडलला सोडून पळाले तेव्हा त्या पुलावर मीच बोलले होते. गाडीत मी आणि एझ्रा, बास. एझ्रा तर सहा आठवड्यांचा होता. त्यानं कुणाला सांगितलं म्हणायचं?

बुधवार, ८ मार्च

मिस ओपलना विचारलं. त्या पास्टरची बायको. चर्चच्या मागं त्यांचीच जुनी ट्रेलर आहे, चाकांवरचं घर, त्यात मी राहते. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात त्यांनाच काय ते सगळं सांगितलं होतं.

त्या बटाटे सोलत होत्या. सुरी थांबली. मग म्हणाल्या, "साखळीत घातलं होतं गं. नाव नव्हतं घेतलं."

साखळी म्हंजे प्रार्थनेची. कुणाला दुखणं आलं, संकट आलं, की एक बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला. जेवणं व्हायच्या आत सगळं खोरं प्रार्थना करत असतं.

"साखळीत घातलं म्हणजे देवाच्या कानात घातलं, पोरी."

मी म्हटलं, वाटेत चौदा कान लागतात त्याचं काय? त्या हसल्या नाहीत.

शनिवार, ११ मार्च

उलटी उलटी विचारत गेले. मला चैनच पडेना. शेवटची कडी सापडली — व्हर्ला, चर्चमध्ये पियानो वाजवते ती. तिची बहीण नॅशव्हिलला, आणि बहिणीचा जावई गाणी लिहितो. व्हर्लानं फोनवर रडत रडत सांगितलं, त्यानं गाणं केलं. कबूल करताना पण रडली. म्हणाली, इतकं गोड होतं, एकटीनं ठेववेना.

राग यायला पाहिजे होता. पण मला तिच्याकडनं ऐकायचंच होतं, तिच्यापर्यंत ते कसं पोचलं. तिनं ऐकलं तेव्हा पाणी भिंतीसारखं उभं राहिलं होतं म्हणे. गाण्यात तर बॉनेटवर देवदूताचा हात आहे! खरं काय झालं? इंजिन दोनदा खोकलं, मग चाकं डांबरी रस्त्यावर होती. पाणी थांबलं का, मला ठाऊक नाही. मी डोळे मिटले होते. गाण्यातली बाई मिटत नाही. ती माझ्यापेक्षा धीट आहे.

एक गोष्ट गाण्यात नाहीच. माझ्या बाजूची काच सारखी खाली घसरायची. रँडलनं तिथं कपडे वाळत घालायचा लाल चिमटा ठोकून बसवला होता. तो चिमटा पुलावर निसटून पडला, काच उतरली, एझ्राच्या तोंडावर पाऊस. हे मी कुणाला सांगितलं नाही. मिस ओपलना पण नाही.

एक बरं आहे. रँडल असली गाणी ऐकत नाही, नाहीतर एका दिव्याची गाडी लगेच ओळखली असती. देवाचं नाव आलं की बटण फिरवतो. त्याच्या ट्रकात कायम ते धडाड गिटारवालं स्टेशन.

सोमवार, १३ मार्च

चर्चच्या फोनवरनं हॉलिसला फोन केला. म्हणाला, ताबडतोब इकडं ये. मी म्हटलं, दादा, गाण्याला भिऊन कोण घर सोडतं? म्हणाला, "तू लहानपणी वाऱ्याला भ्यायचीस. माझा नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिही, विसरभोळे." लिहिला.

गुरुवार, १६ मार्च

टायरच्या दुकानावरनं येत होते. आत गिटारवालं स्टेशन लावलेलं. त्यावर तेच गाणं.

दुकानातला पोरगा म्हणाला, आता सगळीकडं हेच लागतं, शाळेतल्या पोरींच्या स्टेशनवर पण. कुठंही फिरवा, पाणी धरून ठेव.

म्हंजे रँडलनं बटण तरी कुठं फिरवायचं.

रविवार, १९ मार्च

चर्चमधले ब्रदर एल्रॉय बाहेर सुट्या अक्षरांच्या पाट्या लावतात. काल त्यांनी रस्त्याकडच्या पाटीवर लावलं — त्या गाण्यातली प्रार्थना इथून निघाली. अक्षरं कमी पडली म्हणून ईस्टरच्या जेवणाची पाटी मोडली. पेपरवाला येऊन फोटो पण काढून गेला. मला आज कळलं, उपासनेला जाताना.

पाटी काढा म्हणून मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले. ते दुखावले. म्हणाले, "देवानं केलेलं काम झाकून ठेवायचं होय, पोरी?" त्यांना रँडल ठाऊक नाही. मिस ओपलनी स्वतः शिडी लावून अक्षरं काढली.

फोटो मंगळवारी छापून येणार.

मंगळवार, २१ मार्च

आला. पहिल्याच पानावर. मागं माझी ट्रेलर दिसते, दोरीवर एझ्राची झबली.

बुधवार, २२ मार्च

पायरीवर लाल चिमटा ठेवलाय. नवा.

मिस ओपल आणि पास्टर मयताला गेलेत, चर्चला कुलूप. वळणावर त्याचा ट्रक उभा आहे, आतलं गाणं इथवर ऐकू येतंय. मी एझ्राला घेऊन मागच्या खिडकीतनं ओढ्याच्या वाटेनं निघते. वही टेबलावर ठेवते. जो कुणी हे वाचेल त्यानं माझ्या भावाला फोन करा, हॉलिसला, नंबर मागच्या पुठ्ठ्यावर आहे. फक्त त्याला. साखळीत घालू नका.