दहा प्रश्न, सोप्या मराठीत

४ नोव्हेंबर, सोमवार
दारू सोडताना पेशंटला किती त्रास होतोय, ते मोजायची दहा प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं काम विभागप्रमुख बाईंनी माझ्याकडे दिलं. सायकॉलॉजी आणि मराठी दोन्ही नीट येणारा हॉस्पिटलात मीच. घरी येऊन नेहमीचे दोन पेग. कामाचा शुभारंभ म्हणून तिसरा.

५ नोव्हेंबर, मंगळवार
रात्रीत लिहून सकाळी दिलेला मसुदा संध्याकाळी परत. 'हस्तकंपन', 'स्वेदाधिक्य', 'स्पर्शभ्रम' वॉर्डातल्या एकाही पेशंटला कळलं नाही म्हणे. पहिल्या वाचनात पेशंटला कळेल असं शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर काम दुसऱ्याकडे, असं बाई म्हणाल्या. पेशंट अडाणी, त्याला मी काय करू?
दहावा प्रश्न, 'आज तारीख काय?' शिकल्यासवरल्या माणसाचा अपमान आहे. गाळावा अशी शिफारस करणार.
तुलनेसाठी निरोगी माणसाचे मार्कही लागतात. स्वतःचंच नाव दिलं. म्हणून उद्यापासून पिणं बंद. बायको म्हणाली, एकदम सोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मी काय बेवडा आहे?

६ नोव्हेंबर, बुधवार
हात पुढे करून बोटं पसरली. किंचित थरथर. चहा कडक होता. मार्क शून्य.
संध्याकाळी: दाढी करताना दोनदा कापलं. हल्ली ब्लेड भिकार येतात. हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या. बायको म्हणाली, जरा बसा. बसलो. उठलो.

७ नोव्हेंबर, गुरुवार
रजा टाकली. शर्ट घामाने भिजला. पंखा बिघडलाय. बायकोच्या मते पंखा ठीक आहे. तिने स्वेटर घातलाय.
अंथरुणात मुंग्या. दोनदा चादर बदलायला लावली. तिने झटकून दाखवली, एकही पडली नाही. पण त्यावरून वाक्य सुचलं: 'अंगावर मुंग्या फिरताहेत असं वाटतं का?' फक्कड. मग बाकीचीही भराभर आली. 'एका जागी बसवत नाही का?' 'उगाच जीव घाबरा होतो का?' याला म्हणतात प्रतिभा. बायकोला वाचून दाखवलं. ती रडायला लागली. भाषेत ताकद असली की असं होतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
मसुदा बायकोच्या हाती पाठवला. माझं अक्षर लागेना म्हणून तिनेच उतरवून काढला. बाईंना आवडला. वॉर्डात एका पेशंटवर तपासला की पक्का.
शेजारी कोणीतरी सारखं माझं नाव घेतंय. बायको म्हणते, शेजारचे गावाला गेलेत. भीती वाटतेय. कशाची ते कळत नाही. आजचे मार्क काढायचे राहिले. उद्या.

९ नोव्हेंबर, शनिवार
वॉर्डात आहे. प्रश्नावलीच्या तपासणीसाठी आलो असणार. कॉट मिळाली, खुर्ची चालली असती. सिस्टर माझेच प्रश्न घेऊन आली. नऊ प्रश्नांची उत्तरं दिली, मध्ये दोनदा तिचं वाचन सुधारलं. मग दहावा. मी ही डायरी पुढे केली. वरची ओळ वाचून तिने बायकोकडे बघितलं. बायकोने माझा हात धरला. हळू म्हणाली, अहो, आज सोमवार. अकरा तारीख.
सिस्टरने मार्क लिहिले. किती, ते मी विचारलं नाही. दहावा प्रश्न गाळू नये.
तेवढ्यात बाई आल्या. दारातूनच सिस्टरला विचारलं, पेशंटला प्रश्न कळले का.
सिस्टर म्हणाली, हो, पहिल्या वाचनात.