न दिसलेल्या चंद्राला अर्घ्य

अमळनेर,
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय नलू,

तू बंगलोरला पोचल्याचं पत्र मिळालं. लोणच्याची बरणी गाडीत फुटली नाही, हे बरं झालं. आबांचा खोकला आता कमी आहे.

परवा संकष्टी झाली. तू माझ्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दिलेल्या वेळेलाच चंद्र उगवला. शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, "पुष्पाबाई, तुमना चांद बी पोरले इचारीसन निंघस!"

अर्घ्य देताना तो श्रावण आठवला. तू नऊ वर्षांची होतीस. मला ताप, दिवसभराचा उपास आणि आभाळ गच्च भरलेलं. चंद्र दिसला की सांग, म्हणून तुला घरावरच्या धाब्यावर पाठवलं होतं. तू धावतच खाली आलीस, "माय, चांद निंघना!" मी अर्घ्य दिलं, वरणभात जेवले. मागून आजी वर गेली आणि तिथूनच ओरडली, "कोठे शे चांद? बठ्ठा ढगच ढग!" देव आता मायला शिक्षा करील, म्हणून तू किती रडलीस! दुसऱ्या दिवसापासून पंचांग घेऊन बसायला लागलीस, चंद्र रोज किती उशिरा उगवतो ते मांडायला.

एक गोष्ट इतकी वर्षं बोलले नाही. स्वयंपाकघराच्या दारातून मला ढग दिसत होते. तू खोटं बोलतेस, हे कळत होतं. तरी जेवले, कारण तुझं तोंड माझ्यापेक्षा जास्त सुकलं होतं. देवानं माझं काही वाकडं केलं नाही.

आता मगनवर रागावू नकोस. तू शपथ घातली होतीस, तरी तुझ्या भावानं काल सांगून टाकलं. चंद्रावर आपल्या देशाचं यंत्र पाठवायचं बोलणं तुमच्या रॉकेटच्या ऑफिसात सुरू आहे, आत माणूस नाही, नुसतं यंत्र. साहेबांनी त्या कामाला तुला विचारलं आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. माय ज्याला हात जोडते त्याच्यावर यंत्र कसं पाठवू, म्हणून! वेडी कुठली. तापीमाईची आपण ओटी भरतो आणि तिच्याच पुलावरून मामाकडे जातो. ती कधी रागावली का?

एवढ्यासाठीच हे पत्र. उद्याच साहेबांना हो म्हण. वर्षं लागतील तेवढी लागू देत. यंत्र पोचायचं असेल त्या दिवशी मी उपास धरीन. मगनच्या दुकानात फोन कर. फक्त या खेपेला खरंच पोचल्याशिवाय सांगू नकोस. कितीही उशीर झाला तरी मी जेवायची थांबेन.

तुझीच,
माय