नवी कात्री

मावशी,

काल दुकानात तू ती भलीमोठी, जड कात्री उचललीस तेव्हा मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांचे कपडे शिवून झाल्यावर, ऐंशीच्या पुढे कोण नवी कात्री घेतं? दुकानदारसुद्धा चाचरत म्हणाला, "आजी, ही हातात रुळायला चार-पाच वर्षं जातात हो."

तू म्हणालीस, "मग आजच द्या. आणखी उशीर करून कसं चालेल?"

धन्य आहेस बाई! मी तुझ्याहून एवढी लहान, आणि गेल्या हिवाळ्यात कोपरावर विरलेला कोट चढवताना मनाशी म्हटलं होतं, आता आपल्याला हाच पुरेल. तेव्हापासून चप्पल घेतानाही तेच, कढई घेतानाही तेच.

हे पत्र काही तुला देणार नाही. "रिकामटेकडी कुठली!" म्हणशील आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाची तरी मापं लिहिशील. त्यापेक्षा उद्या कोटाचं कापडच घेऊन येते. नव्या कात्रीची सुरुवात माझ्यापासून कर.

आणि हो, कोट वाढत्या अंगाचा शिव, लहानपणी माझे फ्रॉक शिवायचीस तसा.

तुझी,
साठीची भाची