मुरुडची रेघ

४ एप्रिल, लातूर
नकाशा पूर्ण. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आमची सगळी सेवा केंद्रं ठिपक्यांनी दिसतात. चालू ते हिरवं, बंद ते लाल. कुठल्या केंद्राची इंटरनेटची लाईन कुठून जाते त्या रेघा मीच ओढल्या, आधीच्या माणसानं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. साहेब खूश. इथं येऊन महिना झाला, पहिल्यांदा कोणी पाठ थोपटली.
सुमनला फोन केला. पोरगी झोपली म्हणाली. बरं म्हणालो.

९ एप्रिल
आजही नळ नाही. सुमन आणि पोरगी भोकरलाच राहिल्या ते बरं झालं, दोन घागरी मला एकट्याला पुरत नाहीत.
दुपारी मुरुडच्या पुढची दोन गावं लाल. मुरुड स्वतः हिरवं. म्हणजे मुरुडच्या खोलीतली इंटरनेटची पेटी लाईन पुढं पाठवत नाही, उघड आहे. तिथं बसलिंगअप्पा असतात. कंत्राटी, वयानं माझ्या वडलांएवढे. फोन करून म्हटलं, पेटी बंद करून चालू करा. केली. मग विचारलं, "जेवलाव का साहेब?" लातुरात हे मला कोणी विचारत नाही.

१३ एप्रिल
पुन्हा तीच दोन. रोज दुपारीच. तिथले टँकरचे मागणीअर्ज अडकतात, लोक केंद्रावर येऊन भांडतात. अप्पांना रोज फोन, रोज पेटी. फोन ठेवायची घाई दोघांनाही नसते. खरं तर मी दुपारची वाट बघतो.
आज म्हणाले, "एक बोलू का साहेब? त्या गावांची लाईन माज्याकडून जातच न्हाई." मी म्हणालो, अप्पा, माझ्यासमोर नकाशा आहे. "नकाशात हाय म्हनल्यावर मग काय," म्हणाले आणि गेले पेटी बंद करायला.

१८ एप्रिल
वरून विचारणा आली. साहेब चिडलेले. "तो म्हातारा लक्षच देत नसणार." स्क्रीनचं चित्र छापून मागितलं, दिलं. मुरुडभोवती त्यांनी पेनानं गोल केला.

२१ एप्रिल
साहेबांनी अप्पांना उद्यापासून येऊ नका म्हणून कळवलं. परस्पर. संध्याकाळी त्यांचा फोन. "साहेब, माजं काय चुकलं तेवडं सांगा." मीटिंगमध्ये आहे म्हणालो आणि ठेवला. खोलीत मी आणि कूलर.

२३ एप्रिल
मुरुडला नवा माणूस. नवी पेटी. दुपारी तीच दोन लाल.
डबा तसाच परत.

२४ एप्रिल
सुट्टी. एसटीनं मुरुड. नव्या माणसाकडून किल्ली घेतली. खोलीत एकच वायर आत येते. पुढं जाणारी काहीच नाही. छतावर चढलो, मागची भिंत बघितली. नाहीच.
ती रेघ मी एसटीच्या वेळापत्रकावरून ओढली होती. त्या गावांच्या गाड्या मुरुडवरून जातात, म्हणून लाईनही मुरुडवरूनच असणार, असं धरून चाललो. जिल्हा नवा, रस्ते माहीत नाहीत, आणि कोणाला विचारायची लाज. नंतर विसरलोही की हा अंदाज होता. अप्पांनी सांगितलं तेव्हा माझाच अंदाज मी त्यांच्या तोंडावर फेकला.
जीपनं पुढच्या गावी. दोन्ही गावांची अँटेना तिथल्या पाण्याच्या टाकीवर, तोंड मुरुडकडं नाहीच, दुसऱ्याच टॉवरकडं. टाकीची विहीर दुपारपर्यंत कोरडी पडते, म्हणून पंपाची वीज दुपारी बंद ठेवतात. आमची अँटेना त्याच विजेवर. टाकीखाली घागरी घेऊन बसलेल्या बाईनं सांगितलं. "पानीच न्हाई तर लाईट कशाला जाळायची?"
अप्पांचं घर मुरुडच्या बसस्टँडमागंच. परतीच्या गाडीला वेळ होता. गेलो नाही.

२५ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. "मग रेघ बदला की. कागद कशाला वाढवता?"
अप्पांचं काय?
"तिथं माणूस लागला आता. आणि लेखी दिलंत तर चूक तुमची निघते. तुम्हीही कंत्राटीच आहात."
रेघ बदलली. दोन मिनिटांचं काम. अँटेनाची वीज वेगळी करायला माणूस पाठवला.

२९ एप्रिल
तीन दिवस सगळं हिरवं. कोणाला फोन करायचं कारण नाही, मला कोणाचा येत नाही. आज ऑफिसात कोणाशी काय बोललो ते आठवून बघितलं. चहावाल्याला "साखर कमी," एवढंच. अप्पांची फार आठवण येते. आणि येते तेव्हा स्वतःची लाज वाटते.

२ मे
न राहवून अप्पांना लावला. त्यांच्या मंडळींनी उचलला. अप्पा टँकरच्या रांगेत. म्हणालो, चूक अप्पांची नव्हती, माझी होती, तेवढं सांगा त्यांना.
त्या म्हणाल्या, "ते आमाला ठावंच हाय. साहेब, हे कागदावर देताव का?"
देतो म्हणालो.
सुमनला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. अप्पांसाठीचं पत्र लिहून झालंय. सही राहिलीय.