बिस्किटची नागपंचमी

॥ श्री ॥
शारजा, ३ जुलै २००९

ती. दादास,
मीनाक्षीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला मनासारखं रागावता येत नाही. दोन वाक्यं झाली की दर्शन घड्याळाकडे बघतो. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच तोडत नाही.

दादा, या घरात साप आहे. शिरलेला नव्हे, आणलेला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत पसरलाय, हाताएवढा लांब, तपकिरी, शेपटीकडे तांबूस. मी त्याला अजगराचं पिल्लू म्हणाले तर दर्शनने सुधारलं, की आई, अजगर नाही, बोआ. जसं काही नाव सुधारलं की मला झोप लागणार आहे. आणि त्याचं पाळण्यातलं नाव काय, तर बिस्किट!

आमच्या दुबईच्या इमारतीत विजयकुमार आणि मृणालिनी राहायचे, ते तुला लिहिलं होतं. त्यांची ईशानी आणि आपली पर्णिका म्हणजे एकाच ताटात जेवणाऱ्या पोरी. बरे दिवस होते तेव्हा त्या बापाने लेकीला वाढदिवसाला हे ध्यान घेऊन दिलं. मग मंदी आली, त्याची कंपनी खलास झाली, आणि एका शुक्रवारी ही माणसं गेली. सांगून नाही, भेटून नाही. सोफा विकला, गाडी विकली, आणि साप वॉचमनजवळ ठेवून गेले, पर्णिकाला द्या म्हणून. पोरीला निरोपाला मैत्रीण नाही मिळाली, साप मिळाला. ती मृणालिनी समोर आली ना, तर मी तिला उभ्या उभ्या सोलीन.

पुढच्याच महिन्यात आम्हीही भाडं परवडेना म्हणून इथे शारजात आलो. दर्शनचं ऑफिस तिकडे दुबईतच इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, सूनबाई शुभ्राचं सिलिकॉन ओएसिसमध्ये, दोघं अंधारात निघतात आणि ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य काढून अंधारात येतात. शाळेला सुट्टी. दिवसभर घरात मी, पर्णिका आणि तो.

तो फुत्कारतो. कुकरची शिटी अडकल्यावर येतो तसा आवाज. मी नुसता केर काढायला गेले तरी मान आखडून मागे घेतो आणि फटकन काचेवर तोंड आपटतो. आल्यापासून अन्नाला शिवलेला नाही. त्याचं अन्न कुठे असतं विचार. फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीला लागून, मेलेले उंदीर! एकाला दहा दिरहम, म्हणजे आपले एकशे तीस रुपये. माझ्या सोवळ्याचं तर सोडच, मी मटार खायचे सोडले.

आणि पर्णिका त्याहून वाईट. खोलीचं दार लावून बसते. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघते, खाल्लंस का, तोंड का उतरलंय, जरा केस तरी विंचरू दे. ती इंग्रजीत खेकसते, आज्जी प्लीज, लीव्ह मी अलोन. तेरा वर्षांची पोर! मी दर्शनला सांगून टाकलंय, या घरात एक तर तो राहील नाही तर मी. माझं तिकीट काढ.

वहिनींना नमस्कार. तुझा माझ्यावर लोभ आहे, तो या पत्राने आटू नये.
तुझी,
मीनाक्षी


॥ श्री ॥
कुरुंदवाड, १५ जुलै २००९

चि. मीनाक्षीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला, उर्मिलेला, मोठ्याने वाचून दाखवलं. मृणालिनीला सोलण्याच्या जागी ती इतकी हसली की चहा सांडला. तेव्हा पहिलं नुकसान आमचं झालं, ते तुझ्या नावावर मांडलंय.

आता ऐक. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, सातवी आणि पुढे छापखाना. पण जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांचे खिळे जुळवले, त्यात सापांचंही एक होतं. त्यातलं जे बोटांत राहिलं ते सांगतो. तो रागीट नाही, घाबरलेला आहे. दुकानातून त्यांच्या घरी, तिथून वॉचमनच्या टेबलाखाली, मग तुमच्याकडे, आणि तुमच्याकडूनही पुन्हा शारजाला. वर चारी बाजूंनी काच आणि टीव्हीचा गोंगाट. लपायला जागा नसली की साप फुत्कारतो. तेवढंच त्याच्या हाती असतं. पेटीच्या तीन बाजूंना कापड लाव, आत लपायला एखादं खोकं ठेवायला सांग, आणि मग त्याच्याकडे बघूच नको.

तिकीट काढू नको. राग धर, तो तुला शोभतो. पण तू निघालीस तर त्या घरात दिवसभर कोण उरेल, याचा हिशेब कर.

बाकी नागपंचमी आली. आदल्या दिवशी माझ्यासाठी उपवास धरशीलच, तिकडच्या उन्हात पाणी मात्र पीत जा. जन्मभर नागाला भाऊ मानून पाटावर चंदनाचा नाग काढलास. यंदा भाऊ स्वतःच चालून माहेरपणाला आलाय, बघ बाई, काय पाहुणचार करतेस!

दर्शन, शुभ्रा, पर्णिकाला आशीर्वाद. तुझ्या रागासकट तुझा,
दादा


॥ श्री ॥
शारजा, २८ जुलै २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उजव्या हाताच्या कडेला पट्टी आहे, पेन तसंच धरून लिहिते आहे. तुझ्यासाठी उपवास केला आणि तुझ्याच नावाने चावून घेतलं. वाच आणि आनंदी हो.

तू लिहिलंस की भाऊ चालून आलाय. मला वाटलं, खरंच की. पाटावरच्या चित्राला जन्मभर हात जोडले, समोर जिवंत असताना चित्र कशाला? मनात म्हटलं, पूजा केली तर निवळेल. वरच्या मजल्यावरच्या छायाला सांगितलं, तिने इमारतीतल्या चार मराठी बायका गोळा केल्या. त्यांना काय, परदेशात जिवंत नागोबा! मी दिंडं उकडली, दूध-लाह्या घेतल्या, कापूर, उदबत्ती, घंटा. पर्णिका आंघोळीला गेली होती. मी पेटीवरचं कापड काढलं, खोकं उचललं, झाकण काढलं.

दादा, त्या दिवशी तो फुत्कारलाही नाही. मळकट दिसत होता आणि डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. मला वाटलं, देवाने पूजा मान्य केली, डोळे मिटून बसलाय. छायाने घंटा वाजवली. मी हळद-कुंकू घेऊन हात त्याच्या डोक्यावर नेला.

हाताच्या कडेला धरलं मेल्याने! धरलं आणि सोडलं, पण दातांची रांग उमटली, रक्ताचे मणी आले. छायाने आरतीचं तबक टाकलं आणि लिफ्टकडे पळाली, बाकीच्या तिच्या मागे. नागोबाच्या भक्त या! मी एकटी, हातातून रक्त, जमिनीवर लाह्या.

पर्णिका ओल्या केसांनी धावत आली. माझ्या हाताकडे बघितलंही नाही. आधी झाकण लावलं, त्यावर टॉवेल टाकला, उदबत्ती विझवली. मग माझ्यावर ओरडली, की यू अटॅक्ड हिम. मी हल्ला केला! मी, जी सकाळपासून पुरण वाटत होते! आणि मग मराठीत म्हणाली, म्हणजे माझ्या वर्मी लागावं म्हणूनच मराठीत म्हणाली, की आज्जी, तुला कधी दारावर टकटक करता येतच नाही का. त्यानंतर खोलीचं दार आतून बंद झालं ते आजवर माझ्यासाठी उघडलेलं नाही. ताट आईच्या हातून घेते, माझ्या हातून नाही.

डॉक्टर म्हणाले, याला विष नसतं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. विष नसेल, पण अपमान आहे ना. दर्शनने ठरवून टाकलंय. खैरुद्दीन म्हणून इथे प्राण्यांचा दुकानदार आहे, तो मुलखाला गेलाय, ईदनंतर परत आला की बिस्किटला घेऊन जाईल. हे ऐकल्यावर पर्णिका एकच वाक्य बोलली, की जो इथे येतो त्याला कोणीतरी घालवतंच. ते वाक्य मला त्या चाव्यापेक्षा जास्त ठणकतंय, आणि म्हणून माझा राग आणखी वाढलाय.

चेष्टा तुझी, हात माझा. पुढच्या वर्षी उपवास करीन की नाही, सांगता येत नाही.
लोभ सध्या तुझ्याच बाजूने असू द्यावा.
मीनाक्षी


॥ श्री ॥
कुरुंदवाड, ९ ऑगस्ट २००९

चि. मीनाक्षीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात-ओठ खाऊन देतोय.

मी चेष्टा केली होती. मी कापूर लावायला सांगितला होता का? कापड काढ, खोकं उचल, घंटा बडव, असं कुठल्या ओळीत लिहिलं होतं? बघूच नको, असं लिहिलं होतं! ते वाचताना तुझे डोळे दुधाळ झाले होते काय?

हो, त्या डोळ्यांबद्दलच सांगतो. पत्र वाचून मी चिडून ग्रंथालयात गेलो आणि पुन्हा बघून आलो. तो कात टाकायला आला होता. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर साय धरते, त्याला धड दिसत नाही, अंग ओढल्यासारखं असतं, आणि त्या दिवसांत तो सगळ्यात जास्त भितो. त्याला दूध पचत नाही, धूर सोसत नाही. घंटा त्याला ऐकू किती येते माहीत नाही, पण पेटी हादरलेली अंगभर कळते. अशा आंधळ्या जिवाच्या डोक्यावरचं छप्पर तू काढलंस, आणि वरून हात आणलास. वरून येते ती घार. त्याला तुझं कुंकू दिसलं नाही, घार दिसली. मग चावून त्याने सोडून दिलं, हेही बघ. खायचं असतं तर धरून विळखा घातला असता. त्याने फक्त म्हटलं, लांब हो.

आता तुला एक आठवण देतो, रागाव खुशाल. तुझं लग्न झालं आणि महिन्याभराने मी तुला बघायला तुझ्या सासरी आलो. आपल्या थोरल्या आक्काने लाडू दिले होते. तू माजघरात तांदळाच्या पोत्यांमागे बसली होतीस. सासरच्या बायका येता-जाता तुझा पदर उचलून बघायच्या, हनुवटी वर करायच्या, खाल्लंस का, हसत का नाहीस. मी पुढे होऊन तुझ्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर तू माझा हात झिडकारलास आणि इतकी फिस्कारलीस, की लाडवांचा डबा माझ्या हातून पडला. मी, तुझा सख्खा भाऊ! घरी येऊन मी आक्काला सांगितलं की मिनी सासरी जाऊन बिघडली. आक्का म्हणाली, बिघडली नाही, तिला कोपरा मिळू दे. पुढच्या खेपेला मी काही न बोलता ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी तू आपण होऊन पाणी घेऊन आलीस.

तुला कोणी माहेरी परत पाठवलं नव्हतं, त्या फिस्कारण्यासाठी.

पुन्हा सांगतो, तीन बाजूंना कापड. झाकण काढायचंच तर पर्णिका काढेल. हात बाजूने, सावकाश, मधल्या अंगाशी, डोक्याशी कधीच नाही, आणि तेही कात पडून तो खाऊ लागल्यावर. त्या आधी नुसतं तिथे असायचं. तुला हे सगळ्यात कठीण जाईल, माहीत आहे.

आणि पोरीला उगाच नको छळूस.
तुझ्यावर चिडलेला, म्हणूनच तुझा,
दादा


॥ श्री ॥
शारजा, २७ सप्टेंबर २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला इतका राग आला की ते दोनदा वाचलं. पोत्यांचं तू लिहायला नको होतंस, चष्मा सापडेना म्हणून पहिल्यांदा पत्र शुभ्राने वाचून दाखवलं. ती हसली. मग रडली. मग म्हणाली, आई, मीही या घरात पहिलं वर्षभर बाथरूममध्ये जाऊन बसायचे. हे मला आत्ता कळतंय! तुम्हा सगळ्यांचाच राग आलाय मला.

माझी जुनी सुती साडी फाडून पेटीच्या तीन बाजूंना लावली. खोकं पर्णिकाने ठेवलं, मी लांब उभी राहून. मग मी तुझं ऐकलं. हॉलमध्ये त्याच्याकडे पाठ करून बसायचे, तांदूळ निवडायचे, काही बोलायचे नाही. पर्णिकाच्या दारावर टकटक करायचे, ताट ठेवायचे आणि उत्तराची वाट न बघता परत यायचे. दादा, तोंड मिटून बसणं काय असतं ते तुला नाही कळायचं, तू पुरुष आहेस, तुम्हाला ते आयतं येतं. माझी जीभ तोंडात उड्या मारत होती.

आधी त्याची कात पडली. मग एका दुपारी पर्णिका तिचं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मी विचारलं नाही, का आलीस. तिच्या केसांचा गुंता डोळ्यांना दिसत होता, तरी हात तांदळात ठेवला. बऱ्याच वेळाने तिनेच सांगितलं, की ईशानीने गेल्यापासून एकही फोन केला नाही. मी म्हटलं, वाईट केलं. एवढंच म्हटलं. पुढे जे म्हणायचं होतं ते मृणालिनीच्या तोंडावर म्हणायला राखून ठेवलंय.

ईद झाली आणि दोन दिवसांनी खैरुद्दीन आला, हातात गोणपाट. दर्शन घरी होता, पर्णिका खोलीत, दार बंद. खैरुद्दीन चांगला माणूस, सलाम केला, पाणी प्यायला. मग सरळ पेटीशी गेला, माझी साडी ओढून काढली, आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणत झाकणाला हात घातला. आत बिस्किटने मान आखडली. तो आवाज आला, कुकरचा.

दादा, त्याच्याआधी मी फिस्कारले. हिंदीत, मराठीत, तोंडाला येईल त्यात. म्हटलं, भाईसाब, आधी टकटक करायची पद्धत तुमच्या मुलखात नाही का, वरून हात घालता, तो काय भाजी आहे? साडी तिथे लावा. झाकण सोडा. हा कुठेही जाणार नाही, इथल्या माणसाला घालवणं खलास, आता या घरातून कोणी कोणाला घालवायचं नाही. दर्शन म्हणाला, आई, तूच तर म्हणाली होतीस, तो नाही तर मी. मी म्हटलं, मी सासूला काय काय म्हणाले होते ते तुला माहीत नाही, म्हणून कोणी घर मोडलं नव्हतं.

खैरुद्दीन बिचारा हबीबी हबीबी करत गोणपाट घेऊन गेला. त्याला चहा द्यायचा राहिला, तेवढी चूक माझी.

मागे वळले तर पर्णिकाचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. फ्रीजरकडे गेली, मटाराच्या शेजारची ती पिशवी काढली, एक उंदीर कोमट पाण्यात ठेवला, चिमट्यात धरला, आणि पेटीचं झाकण बाजूने थोडंसं सरकवलं. मग चिमट्याची मूठ माझ्याकडे केली आणि मराठीत म्हणाली, आज्जी, पण हळू.

सोवळं, दादा, त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी चिमटा धरला. बिस्किटने उंदीर घेतला. साडीच्या सावलीत शिरला आणि जेवत बसला. आल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या वर्षी उपवास करीन. पाटावर चंदनाचा नाग काढीन, त्यालाच दूध दाखवीन. खरा असेल तो जेवून झोपलेला असेल आणि त्याला कोणी उठवायचं नाही. छायाला सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार, चहा जपून पीत जा म्हणावं. राग अजून आहे, तो असाच असू दे, आणि लोभ त्याहून थोडा जास्त.
तुझी,
मिनी