मोर्चा म्हणजे खंदक

पिंपरी, मंगळवार, ९ फेब्रुवारी १९५४

आज कारखान्यासमोर युनियनच्या गेटसभेत मी मूठ उगारून "उद्या मोर्चा!" अशी आरोळी ठोकली आणि पुढे बसलेला शंकर धाडकन आडवा झाला. शेजारच्या मारुतीलाही त्याने खाली ओढलं, त्याचं डोकं तळव्याने मातीत दाबून धरलं. सगळे हसले. "काय राव, भाऊंच्या भाषणात झोप लागली का?" मीही हसलो. का हसलो?

काश्मीरच्या लढाईवरून परतून तो कारखान्यात लागला, एवढंच मला ठाऊक. सभेनंतर त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"भाऊ, पलटणीत मोर्चा म्हंजी खंदक. मोर्चा म्हनलं की आडवं व्हायचं."

"आणि मारुतीचं डोकं का दाबलंस?"

तो तळव्याकडे बघत राहिला. "तिकडं एकाचं दाबाया उशीर झाला."

घरी येऊन कोश काढला. मोर्चाचा तो अर्थ तिथे आहेच, वाचूनही विसरलो होतो. शंकरचा तो तळवा मात्र कोशात नाही. आणखी किती शब्द असे असतील? इतकी वर्षं गर्जतोय, ऐकणाऱ्याच्या कानात काय पोचतं, हे कधी विचारलंच नाही.

सभेनंतर बसलो तेव्हाच तो म्हणाला होता, लोक हसतात म्हणून उद्या येणार नाही. मी विचारलं होतं, "मग मी काय म्हणू?"

"नुस्तं चला म्हना. चला म्हनलं की येतो मी."

आताच आरशासमोर म्हणून पाहिलं. चला. या शब्दाला मूठ वळतच नाही, हात आपोआप उघडा राहतो.