दोन सेकंदांची ओळ

मागच्या महिन्यात केलेल्या मृत्युपत्रात, कलम चारमध्ये, "दोन सेकंदांची ओळ कोणीही कधीही काढू नये, काढल्यास लिफ्ट अडकते" असे मी लिहिले होते. ते चूक आहे. सबब ते मृत्युपत्र रद्द करून हे लिहिते. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. आत्याने मला लिफ्टच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात भागीदार केले आणि भागीदाराचे मृत्युपत्र हवेच असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून हा खटाटोप.

१. बचत आईला. तिने ती माझ्या लग्नासाठी राखून ठेवू नये; मी मेलेली असेन.

२. माझी कामाची खुर्ची बाबांना. धंद्यातला माझा हिस्सा आत्याला. या दोघांनी मला शाळेच्या आधी घरीच कोड लिहायला शिकवले. घरचा नियम असा, की ओळ नीट जमली नाही तर तिच्या डोक्यावर कॉमेंट लिहून कबूल करायचे. कॉमेंट कॉम्प्युटर वाचत नाही, फक्त माणूस वाचतो. बाबांची अजून आहे: "हे जेवणाआधी लिहिले. जेवणानंतर वाचले आणि लाज वाटली." माझी: "पुन्हा पुन्हा तपासले आहे. तरीही आगाऊ माफी." या सर्व कॉमेंट जशाच्या तशा जपाव्यात.

३. जुन्या नोकरीतल्या साहेबांनी माझ्या कॉमेंट पोरकट म्हणून पुसल्या आणि नंतर फोन करून विचारले, "ही ओळ नक्की काय करते हो?" त्यांना काहीही ठेवलेले नाही. उत्तर कॉमेंटमध्ये होते.

४. आता ती ओळ. आत्याने तरुणपणी तिच्यावर लिहिले: "इथे दोन सेकंद थांबा. का, ते मलाही कळलेले नाही. काढले की दार अडकते. मी मेल्यावर एखाद्या हुशार माणसाने बघावे." तेव्हापासून आमची प्रत्येक लिफ्ट दार लावण्याआधी क्षणभर विचारात पडते. परवा मला कारण सापडले. दारातल्या माणसाची चाहूल घेणारा जुना सेन्सर जागा व्हायलाच तेवढा वेळ घ्यायचा. इमारतींमधले ते सेन्सर कधीच बदलले. फक्त आमच्या वर्कशॉपमधल्या सरावाच्या दाराला जुना राहिला, आणि मागच्या महिन्यात ओळ काढून मी चाचणी तिथेच घेतली होती, म्हणून दार अडकले.

मी धावत आत्याकडे गेले.

"म्हणजे मी मरायची वाट बघणार का तू, शंकासुरा?"

"तूच तसं लिहिलंयस."

"तेव्हा तुझ्याएवढी होते गं, मरण कुठल्या कुठे होतं. आता मला बघायचंय. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधली काढ. पहिली मी बसते."

"आणि अडकलीस तर?"

"मिस्त्री काढेल बाहेर. तोवर विणत बसेन. तुझा स्वेटर तसाही अर्धा राहिलाय."

परवापासून माझे जेवणात लक्ष नाही.

५. ओळ जाईल, आत्याची कॉमेंट राहील. दार नीट लागले तर तिच्याखाली मी लिहीन: "बघितले. हुशार माणूस मिळाला नाही, भाचीवर भागवले. लेखिका हयात आहे." दार अडकले तर ओळ परत बसवून तिथे माझी कबुली लिहीन, आणि हे मृत्युपत्र तिसऱ्यांदा करीन.

साक्षीदार: लिफ्टचे मिस्त्री (सही), शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही). आत्यालाही सही करायची होती. हिस्सा तिला जात असल्याने वकीलबाईंनी पेन काढून घेतले.

सही: भाची
स्थळ: आत्याचे जेवणाचे टेबल
दिनांक: शुक्रवार, ९ मे

ओळ काढण्याचा दिवस: बुधवार, १४ मे, सकाळी अकरा वाजता. आत्या विणकामासह तळमजल्यावर हजर राहील.